मजले आणि हप्ते

डेन्व्हर हे अमेरिकेतले शहर समुद्रसपाटीपासून बरोबर एक मैल, म्हणजे ५,२८० फूट उंचीवर आहे, असे तिथली शाळकरी मुलेही अभिमानाने सांगतात. हा मैल नेमका कुठे पुरा होतो हे दाखवण्यासाठी कोलोरॅडो राज्याच्या विधानभवनाच्या पायऱ्यांवर खूण केलेली आहे. एक नव्हे, तीन. १९४७ साली पंधराव्या पायरीवर अक्षरे कोरली गेली. १९६९ साली विद्यार्थ्यांनी पुन्हा मोजमाप केले, तेव्हा तो मान अठराव्या पायरीकडे गेला. २००३ साली आधुनिक उपकरणांनी मोजले आणि मैल खाली तेराव्या पायरीवर उतरला. तिन्ही खुणा तशाच ठेवल्या आहेत, ही त्या शहराची दिलदारी. पण स्वतःच्या उंचीबद्दल इतके हळवे असलेले शहर आपल्या इमारतींच्या उंचीबद्दल स्वस्थ कसे बसेल? शहर वाढते आहे, माणसे येत आहेत, मग मध्यवस्तीत आणखी उंच, गगनाला भिडणारे मनोरे नकोत का, असा वाद तिथे पुन्हा पुन्हा डोके वर काढतो.

या वादात नाक खुपसण्याचा मला अधिकार तो काय? माझी मुलगी आणि जावई गेली काही वर्षे डेन्व्हरच्या एका उपनगरात राहतात, आणि निवृत्तीनंतर मी वर्षाआड तीन-चार महिने त्यांच्याकडे मुक्कामाला असतो, एवढाच. कादंबऱ्या लिहिणारा माणूस म्हणून मला शहरे पाहायला आवडतात. पण माझी तीस-बत्तीस वर्षे गेली ती बँकेत, आणि त्यातली निम्मी कर्ज खात्यात. त्यामुळे एखादी उत्तुंग इमारत पाहिली की इतरांना तिचे टोक दिसते, मला तिचा हप्ता दिसतो. खोड आहे, जात नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. डेन्व्हरला आपण डोंगरातले शहर म्हणतो खरे, पण ते डोंगरात नाही. आपल्या सिमला-दार्जिलिंगसारखे उतारावर चिकटलेले तर मुळीच नाही. रॉकी पर्वताची भिंत पश्चिमेला उभी आहे आणि शहर तिच्या पायथ्याच्या माळावर ऐसपैस पसरले आहे. पूर्वेकडे पाहावे तर कान्सासपर्यंत सपाटीच सपाटी. म्हणजे जमीन नाही म्हणून आकाशात चढावे, अशी मुंबईसारखी वा हाँगकाँगसारखी गरज या शहराला कधीच नव्हती. इथे उंची निवडली गेली, लादली गेली नाही. आणि जी गोष्ट निवडलेली असते, तिची कारणे विचारता येतात.

जावयांच्या मित्रमंडळीत उंच इमारतींचे चाहते बरेच आहेत. तिशी-पस्तिशीची, हुशार, चांगल्या नोकऱ्यांतली ही मुले. त्यांचे दुःख असे की, डेन्व्हरची सर्वांत उंच इमारत म्हणजे रिपब्लिक प्लाझा, ५६ मजली, ७१४ फुटी, आणि ती पुरी झाली १९८४ साली! चाळीस वर्षे उलटली, तिच्यापुढे कुणी गेले नाही. तिच्या खालोखालच्या दोन इमारती त्याच्या आदल्याच वर्षीच्या, १९८३ च्या. तिकडे टेक्सासमधले ऑस्टिन हजार फुटांच्या वर गेले. ओक्लाहोमा सिटीसारख्या शहरात १,९०७ फुटी मनोऱ्याचा प्रस्ताव आला. (हा आकडा वाऱ्याच्या दाबावरून वा पायाच्या खोलीवरून ठरलेला नाही, ओक्लाहोमाला राज्याचा दर्जा १९०७ साली मिळाला, म्हणून १,९०७ फूट. पंचांग पाहून उंची ठरवणारे आपणच एकटे नाही, हे वाचून मला बरे वाटले.) डेन्व्हरमध्येही २०१७ साली ऐंशीवर मजल्यांच्या, सुमारे हजार फुटी मनोऱ्याचा आराखडा पुढे आला होता. तो कागदावरच राहिला. "बाबा, एवढे वाढणारे शहर, आणि क्षितिज मात्र आमच्या जन्माच्या आधीचे. लाजिरवाणे नाही का हे?" असे जावई एकदा म्हणाले. प्रश्न त्यांनी सहज विचारला होता, पण मी तो मनावर घेतला आणि आकडे काढले.

आकडे मोठे बोलके निघाले. अमेरिकेच्या शिरगणतीनुसार १९८० साली डेन्व्हर शहराची लोकसंख्या होती ४,९२,३६५. १९९० साली ती झाली ४,६७,६१०. म्हणजे ज्या दशकात शहराचे तीन सर्वांत उंच मनोरे उभे राहिले, त्याच दशकात शहरातली जवळपास पंचवीस हजार माणसे कमी झाली. त्यानंतर २००० साली ५,५४,६३६, २०१० साली ६,००,१५८ आणि २०२० साली ७,१५,५२२. तीस वर्षांत अडीच लाखांची भर पडली, आणि या तीस वर्षांत त्या मनोऱ्यांपेक्षा उंच असे एकही बांधकाम झाले नाही. शहर आटत होते तेव्हा इमारती वाढल्या, शहर वाढत होते तेव्हा इमारती थांबल्या. वाढत्या शहराला उंच मनोरे लागतात या समजुतीचे काय करायचे मग?

या कोड्याचे उत्तर नगररचनेच्या पुस्तकात सापडणार नाही, ते कर्जाच्या खतावणीत आहे. १९७० च्या दशकात तेलाचे भाव भडकले. कोलोरॅडोच्या पश्चिम भागातल्या खडकांत तेल अडकलेले आहे, ते खडक तापवून काढता येते. भाव चढे असतील तर हा उद्योग परवडतो. तेल कंपन्या, त्यांचे वकील, त्यांचे हिशेबनीस आणि त्यांना पैसे पुरवणाऱ्या बँका डेन्व्हरच्या सतराव्या रस्त्यावर जमल्या. जागेची मागणी भडकली आणि मनोऱ्यांच्या पायांची खोदाई सुरू झाली. मग २ मे १९८२ चा रविवार उजाडला. त्या दिवशी एक्झॉन कंपनीने आपला कॉलनी नावाचा खडकतेलाचा प्रकल्प बंद केला, दोन हजारांवर माणसांची नोकरी गेली. कोलोरॅडोत या दिवसाला आजही काळा रविवार म्हणतात. पण पाया खणलेल्या इमारतीला रविवार-सोमवार नसतो. उचललेल्या कर्जावर व्याज चढत असते, पोलाद येऊन पडलेले असते, अर्ध्यावर थांबणे पुरे करण्यापेक्षा महाग असते. म्हणून मनोरे पुरे झाले १९८३ आणि १९८४ साली, ज्या कारणासाठी ते बांधायला घेतले ते कारण संपल्यावर. १९८६ साली तेलाचा भाव पिंपाला दहा डॉलरच्या आसपास कोसळला आणि दशकाच्या शेवटी मध्यवस्तीतली जवळपास तीस टक्के कचेऱ्यांची जागा रिकामी होती.

याच सुमारास डेन्व्हरमधली सिल्व्हेराडो नावाची बचत-कर्ज संस्था बुडाली. १९८८ च्या डिसेंबरात सरकारने ती ताब्यात घेतली. जमीन-इमारतींवर सढळ हाताने दिलेली कर्जे हे तिच्या दुखण्याचे मूळ, आणि करदात्यांना त्याची किंमत एक अब्ज डॉलरहून अधिक पडली. तिच्या संचालकांत तेव्हाचे उपाध्यक्ष आणि पुढे अध्यक्ष झालेले थोरले बुश यांचे चिरंजीव नील बुश होते, म्हणून त्या प्रकरणाचा गाजावाजा झाला. माझ्या लेखी संचालकाच्या वडिलांपेक्षा तारणाचे मूल्यांकन महत्त्वाचे. रिकामी इमारत हे तारण नव्हे, तो खर्च आहे. तिला उजेड लागतो, उष्णता लागते, रखवालदार लागतो. १९८३ सालच्या त्या मनोऱ्यांपैकी एक फिलिप जॉन्सन या नामांकित वास्तुविशारदाने एका बँकेसाठीच आखला. त्याचा माथा वक्र आहे, आणि हिवाळ्यात त्यावरून बर्फाचे थर घसरून खालच्या माणसांवर पडू नयेत म्हणून तो तापवावा लागतो. गावातले लोक त्या इमारतीला तिच्या आकारावरून कॅश रजिस्टर म्हणतात. बँकेला याहून समर्पक टोपणनाव मला तरी सुचले नसते.

बँकेत असताना पुण्याच्या आसपासच्या गृहप्रकल्पांची पाहणी करायला मला जावे लागे. बिल्डर नोंदवही पुढे करी, इतके गाळे विकले, इतके ताबे दिले. वही बघून मी चहा घेई आणि निघे. मग त्याला न सांगता संध्याकाळी सातच्या सुमारास पुन्हा एक फेरी मारी. किती खिडक्यांत दिवे आहेत, किती गॅलऱ्यांत कपडे वाळत आहेत, हे मोजले की वहीची गरज उरत नसे. गुंतवणूक म्हणून घेतलेला गाळा कपडे वाळत घालत नाही. डेन्व्हरला गॅलरीत कपडे वाळत घालायची चाल नाही, पण दिवे तर मोजता येतात. लोकल रेल्वेने मी मध्यवस्तीत जातो, सोळाव्या रस्त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो. आय. एम. पेई यांच्या आराखड्यातून १९८२ साली हा रस्ता पादचाऱ्यांसाठी खुला झाला. पुढे तो जुना झाला, २०२२ साली उखडला गेला, आणि तीन-साडेतीन वर्षे धूळ आणि पत्र्यांचे कुंपण सोसून २०२५ च्या शरद ऋतूत पुन्हा नव्याने तयार झाला. फरशी सुरेख आहे, झाडे लावली आहेत, फुकट बस आहे. दुपारी माणसे दिसतात. संध्याकाळी सात वाजता मात्र मान वर करावी, तर मजल्यामागून मजले काळोखे. घरून काम करण्याची रीत करोनाच्या साथीने लावली आणि ती मोडली नाही. २०२५ साली मध्यवस्तीतल्या कचेऱ्यांची तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जागा रिकामी होती, म्हणजे तेलाच्या मंदीतल्यापेक्षाही जास्त. खुद्द रिपब्लिक प्लाझावरचे कर्ज २०२२-२३ च्या सुमारास अडचणीत आले आणि त्याची मुदत वाढवून घ्यावी लागली. कर्जाची मुदतवाढ म्हणजे काय, हे बँकवाल्याला सांगावे लागत नाही.

अशा शहराला आणखी एक, त्याहून उंच मनोरा हवा, असे म्हणणारे लोक मनोरा मागत नाहीत, ते एक छायाचित्र मागत आहेत. विमानातून उतरताना दिसणारे, पोस्टकार्डावर छापता येणारे. त्यात वाईट काही नाही. माणसाला आपल्या गावाचा अभिमान असावा. १९१० च्या सुमारास डॅनियल्स अँड फिशर या दुकानदारांनी सोळाव्या रस्त्यावर ३२५ फुटी घड्याळाचा मनोरा बांधला, व्हेनिसच्या सेंट मार्क्स चौकातल्या मनोऱ्याची प्रतिकृतीच म्हणा ना. कापडचोपड विकणाऱ्या दुकानाला एवढ्या उंचीची गरज होती असे कोण म्हणेल? पण मिसिसिपीच्या पश्चिमेचा सर्वांत उंच म्हणून तो तेव्हा मिरवला, आणि आज त्याच्याशिवाय तो रस्ता डोळ्यांपुढे येत नाही. फरक एवढाच की ती हौस दुकानदाराच्या पदरच्या पैशाची होती आणि लहान होती. त्याच मनोऱ्याच्या अवतीभवतीचे पंचवीसहून अधिक चौक १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पुनर्विकासाच्या नावाखाली पाडण्यात आले. दुकान पाडले, मनोरा वाचला. पाडलेल्या जागांवर नवे डेन्व्हर उभे राहायचे होते. कित्येक ठिकाणी उभे राहिले ते पार्किंग. मध्यवस्तीत आजही अशा मोकळ्या, डांबरी, गाड्यांनी भरलेल्या जागा आहेत. जमिनीची टंचाई आहे म्हणून वर चढा, असे सांगणाऱ्याला हात धरून तिथे नेऊन उभे करावेसे वाटते.

उंचीच्या बाजूने एक मुद्दा मात्र खरोखर वजनाचा आहे. शहर वर गेले नाही तर आडवे जाते. डेन्व्हर आडवे गेलेच आहे. उत्तरेला, दक्षिणेला, पूर्वेला माळावर घरांच्या वसाहती पसरत चालल्या आहेत, आणि त्यातल्याच एकीत माझी मुलगी राहते. दूध आणायचे तरी गाडी काढावी लागते. पाणी तर या भागात मुळातच कमी. शहराच्या पाण्याचा मोठा हिस्सा पर्वतापलीकडून, बोगद्यांतून आणलेला आहे. प्रत्येक नव्या बंगलीपुढच्या हिरवळीला ते पाणी लागते. तेव्हा दाट वस्ती हवी, याबद्दल माझे दुमत नाही. पण दाट म्हणजे उंच नव्हे. पॅरिस दाट आहे, आणि त्याचा बहुतेक जुना भाग सहा-सात मजली आहे. डेन्व्हरचा युनियन स्टेशनचा परिसर पाहा. २०१४ साली जुने स्थानक नव्या रूपात उघडले, २०१६ साली विमानतळाची रेल्वे तिथे येऊन मिळाली, आणि आजूबाजूच्या रेल्वेच्या पडीक यार्डात मध्यम उंचीची घरे, कचेऱ्या, दुकाने अशी मिसळ वस्ती झाली. तिथे संध्याकाळी सात वाजता दिवे असतात. बाबागाड्या असतात, कुत्री फिरवणारे असतात. शहर जिवंत आहे हे ओळखायला कुत्री फिरवणाऱ्यांसारखी दुसरी खूण नाही.

शिवाय उंचीचा खर्च सरळ रेषेत वाढत नाही, हे लोकांच्या लक्षात येत नाही. अमेरिकेत पाच-सहा मजली घरे काँक्रीटच्या तळमजल्यावर लाकडी सांगाडा उभा करून बांधतात. ती सर्वांत स्वस्त. सर्वांत वरचा राहता मजला जमिनीपासून ७५ फुटांच्या पलीकडे गेला की इमारत उंच इमारतींच्या नियमांत येते, मग आगीसाठी वेगळे पंप, जिन्यात धूर शिरू नये म्हणून हवेचा दाब, वेगळी वीज. त्याहून वर गेलात की लिफ्ट वाढवा. आणि लिफ्टचे शाफ्ट प्रत्येक मजल्याची जागा खातात, ज्याचे भाडे कुणी देत नाही. पन्नासाव्या मजल्यावरचे घर म्हणून शिक्षकाला किंवा नर्सला परवडणारे होऊच शकत नाही. ते ज्याला डोंगर दिसायला हवा आणि तो दिसण्याचे पैसे मोजता येतात, त्याचेच.

आणि डोंगर म्हटले की या वादातल्या सर्वांत नाजूक जागी आपण येतो. डेन्व्हरने १९६८ साली एक कायदा केला. चीझमन पार्क या बागेतून पश्चिमेला पाहिले तर पर्वतांची रांग दिसते. ती झाकली जाईल असे काही मध्ये बांधायचे नाही. पद्धत सोपी. बागेतला एक बिंदू धरायचा, त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची घ्यायची, आणि तिथून जसजसे दूर जाल तसतशी दर शंभर फुटांना एक फूट याप्रमाणे इमारतीची कमाल उंची वाढू द्यायची. पुढे असे आणखी दृश्यपट्टे आखले गेले. माणसाने बांधलेल्या गोष्टींना जपणारे वारसा कायदे पुष्कळ आहेत. सामान्य माणसाला बाकावर बसून डोंगर दिसावा म्हणून व्यापाऱ्यांना ७५ लाख, एक कोटी डॉलरच्या जागेवर आडकाठी करणारा कायदा मला फार थोर वाटतो. आमच्या पुण्यात पर्वतीवरून सिंहगड दिसावा म्हणून कुणी असा पट्टा आखला असता तर?

पण कायदा थोर असला तरी त्याची प्रत्येक रेघ पवित्र असते असे नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात नगरपरिषदेने बॉल अरीना या क्रीडागृहाभोवतीच्या सुमारे ५५ एकर पार्किंगवर नवी वस्ती होऊ द्यायचे ठरवले आणि त्यासाठी तिथे आड येणारा, जुन्या सिटी हॉलच्या घंटेपासून निघणारा दृश्यपट्टा शिथिल केला. सुमारे सहा हजार घरे होऊ शकतील, त्यातली काही कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी राखीव. यावर बरेच लोक रागावले. मला तो निर्णय पटला. डांबराच्या मैदानावरून दिसणारा डोंगर देऊन त्या बदल्यात माणसांची घरे मिळत असतील, तर तो सौदा मी मंजूर केला असता. चीझमन पार्कमधला डोंगर देऊन कंपनीचे नाव मिरवणारा मनोरा मिळत असता, तर अर्ज पहिल्याच पानावर नामंजूर.

राहता राहिले ते काळोखे मजले. त्यांची घरे करावीत असे सगळेच म्हणतात. २०२४ च्या नोव्हेंबरात मध्यवस्तीच्या मतदारांनी ५७ कोटी डॉलरपर्यंतचा निधी तिथल्या पुनरुज्जीवनासाठी वापरायला मान्यता दिली आणि त्यातून अशा रूपांतरांना कर्जे मिळू लागली. पण यातही एक मेख आहे, आणि ती उंचीच्या चाहत्यांनी ध्यानात घ्यावी. १९५० च्या दशकातल्या किंवा त्याआधीच्या इमारती अरुंद आहेत. कुठल्याही टेबलापासून खिडकी फार लांब नसे, कारण तेव्हा उजेड आणि वारा खिडकीतूनच यायचा. त्यांची घरे होऊ शकतात. १९८० च्या दशकातले राक्षसी मनोरे मात्र वातानुकूलित आहेत, त्यांचे मजले मैदानासारखे खोल, नळ आणि सांडपाणी सारे मधल्या गाभ्यात. तिथे घर केले तर निजायच्या खोलीला खिडकी मिळत नाही. जितका मनोरा मोठा, तितके त्याचे दुसरे आयुष्य अवघड. चाळीस वर्षांपूर्वी कर्ज मंजूर करणाऱ्या कुणीही हा प्रश्न विचारला नसेल, कारण कर्जाची मुदत फार तर वीस-पंचवीस वर्षांची आणि इमारतीची शंभर.

मला डेन्व्हरमध्ये मत नाही. पण एखादा नवा उंच मनोऱ्याचा प्रस्ताव तिथे पुन्हा टेबलावर आला आणि कुणी माझ्यासारख्या निवृत्ताला अभिप्राय विचारलाच, तर मी उंचीवर एक शब्दही बोलणार नाही. मी तीन कागद मागेन. निम्म्याहून अधिक मजले घरांचे आहेत, हे दाखवणारा नकाशा. कचेऱ्यांच्या मजल्यांसाठी भाडेकरूंनी सही केलेले करार, इरादापत्रे चालणार नाहीत. आणि तीस वर्षांनी या मजल्यांवर भिंती घालून घरे करायची झाली तर नळ कुठून न्यायचे, याचा आराखडा. हे तीन कागद जोडले असतील, तर सत्तर मजले बांधा नाही तर सात. नसतील, तर आधी विधानभवनाच्या पायऱ्यांशेजारच्या पार्किंगवर पाच मजली घरे बांधा. तळमजल्यावर दुधाचे दुकान ठेवा म्हणजे झाले.